छत्तीस आठवड्यांचं भांडण

चिकटपट्टी घ्यायची आणि दोन मिनिटांत बाहेर पडायचं, एवढंच तिच्या मनात होतं. बाहेर अवकाळी रिमझिम चालू होती. ओली छत्री दाराशी टेकवून ती आत आली. काउंटरवर कुणी नव्हतं, म्हणून तिने सहज मागच्या फळीकडे नजर टाकली... आणि जागच्या जागी खिळली.

फळीवर ज्वालामुखी होता. हिरवा पायथा, तपकिरी उतार, तोंडाशी लाल रंगाचे तीन ओघळ. कालच तिने सहावीतल्या एका मुलाच्या अगदी अशाच ज्वालामुखीला दहापैकी दहा दिले होते. खाली लाल शाईने लिहिलंही होतं, 'स्वतःच्या हाताने केलेलं काम. शाब्बास.' फळीवर तसे अजून चार होते. त्यांच्या शेजारी सहा सूर्यमाला, तीन पवनचक्क्या आणि एक माणसाचं हृदय. हृदयाच्या झडपा बोटाने उघडता येत होत्या.

मागच्या खोलीतून तो बाहेर आला. कानावर पेन्सिल, दोन्ही हात मनगटापर्यंत निळे. तिच्याकडे न बघताच त्याने विचारलं,

"कितवीसाठी हवंय? सातवीला पवनचक्की चालते. आठवीला हृदय न्या."

"आणि हे विकत आणलंय, असं शाळेत कळत नाही का?" तिने अगदी गोड आवाजात विचारलं. तिला ओळखणारे लोक तिच्या या आवाजाला फार घाबरत.

"छे हो. त्या विज्ञानाच्या बाई फक्त रंग बघतात."

"त्या बाई मीच."

आता त्याने पाहिलं. दुसरा एखादा असता तर ओशाळला असता, सारवासारव करायला लागला असता. हा मात्र फडक्याला हात पुसत शांतपणे म्हणाला, "बरं झालं आलात. मला तुम्हाला बरेच दिवस काहीतरी विचारायचं होतं."

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं शाळेत सगळे म्हणत. ते काही खरं नव्हतं. तेवढा राग मावायला नाकाचा शेंडा पुरला नसता. त्या दिवशी तर तळपायाची आग मस्तकात गेली. मुलांना आयतं देऊन तुम्ही त्यांचे हात मारून टाकता, हे खोटं शिकवणं झालं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असं सगळं ती एका दमात बोलली. त्याने मध्येच तोडलं नाही. ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा त्याने आपला प्रश्न विचारला.

"तुम्ही गुरुवारी फळ्यावर लिहिता, सोमवारी प्रकल्प आणा. तीन दिवसांत ते पोर काय करणार? कशाने कापायचं, कशाने चिकटवायचं, कोणी दाखवलंय त्याला? घरी आई-बाप कामावरून दमून आलेले. मग ते माझ्याकडेच येणार ना... माझं दुकान मी नाही चालवत, बाई. तुम्ही चालवता."

छत्री उचलून ती तरातरा निघून गेली. चिकटपट्टी राहिली ती राहिलीच.

---

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती कुणाशी धड बोलली नाही. घरातल्या जेवणाच्या टेबलावर चार मोठे कागद जोडून पसरले आणि सहावी, सातवी, आठवीचं वर्षभराचं नियोजन मांडायला घेतलं. जेवायची ताटं आई-लेकी मांडीवर घेऊन बसू लागल्या.

शाळेत नियोजनाची एक फाइल होतीच. मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या, कपाटात ती गेली अकरा वर्षं सुखाने नांदत होती. दरवर्षी तिच्यावरचा सालाचा आकडा तेवढा खोडून नवा घालायचा आणि सही करायची. त्या फाइलीत 'प्रकल्प' या रकान्यात एकच शब्द होता, 'आणणे'. हा शब्द आजवर कधी आपल्याला खटकला कसा नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. त्या रागातच तिने छत्तीस आठवडे आखले. प्रत्येक प्रकल्प निदान तीन आठवडे आधी सांगायचा. प्रत्येकात मुलाची स्वतःची नोंद हवी, कारण वस्तू विकत मिळते, तीन आठवड्यांच्या नोंदी कुठल्याही फळीवर मिळत नाहीत. सहावीने पावाचा तुकडा ओला ठेवून बुरशी कशी चढते ते रोज लिहायचं. सातवीने दर शुक्रवारी ठरलेल्या वेळी मैदानातल्या काठीची सावली मोजायची. आठवीने सहा बाटल्यांत सहा खिळे ठेवायचे आणि कुठला आधी गंजतो ते बघायचं.

मोठ्या बाईंनी ते कागद चष्म्यावरून पाहिले आणि सुस्कारा सोडला. पालकांना प्रदर्शनात रंगीत काहीतरी दिसायला लागतं, बुरशी बघायला कोण येणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्या कशाबशा पहिल्या सत्रापुरत्या तयार झाल्या. सत्राच्या शेवटी पालकसभा. तिथे कुरकुर झाली, तर फाइल पुन्हा कपाटातून बाहेर. ये रे माझ्या मागल्या.

शाळा उघडायच्या आधी ती नियोजनाची एक प्रत घेऊन दुकानात गेली आणि काउंटरवर आपटली.

"यातली एकही गोष्ट तुम्ही विकायची नाही."

तो वाचत राहिला. उभ्या उभ्या, पहिल्या आठवड्यापासून छत्तिसाव्यापर्यंत. एवढ्या मन लावून ते अजून कोणीच वाचलं नव्हतं. मोठ्या बाईंनीही नाही. मग त्याने कानावरची पेन्सिल काढली, आणि पुन्हा तिचं माथं भडकलं.

"सहावीकडून ही जाड तार वाकवून घेणार? अकरा वर्षांची बोटं आहेत. तार नाही वाकायची, बोट वाकेल. आणि इथे पुठ्ठा चिकटवायचा, रंगवायचा, उभा करून दाखवायचा, सगळं एका तासात... डिंक वाळायला रात्र जाते, बाई. दोन दिवसांत वाटून टाका."

तो बोलत होता ते सगळं खरं होतं, म्हणून तर तिला जास्त राग येत होता. शेरास सव्वाशेर भेटला की असंच होतं. त्याने पेन्सिल सावलीच्या प्रयोगावर टेकवली.

"आणि त्या शुक्रवारी ढग असले तर?"

"तर 'ढग होते' असं लिहायचं. तीही नोंदच."

त्याची पेन्सिल थांबली. त्याने वर पाहिलं... आणि थोडा वेळ पाहतच राहिला. मग हसला. मोठ्याने नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. तिला एकदम आपले केस विस्कटलेले आहेत की काय असं वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचा रागही आला.

"ठरलं," तो म्हणाला. "यातल्या कशालाही मी हात लावणार नाही."

---

मग दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तिची पावलं दुकानाकडे वळायची. पुढच्या आठवड्याचं बघायला, असं ती सांगायची. भांडायला, असं तो म्हणायचा. दोन्ही खरंच होतं.

भांडण कशावरूनही होई. कात्रीवरून झालं, डिंकावरून झालं, आठवीच्या खिळ्यांना आधी सॅंडपेपर मारायचा की नाही यावरून तर दोन शनिवार पुरलं. एकदा ती आली, स्टुलावर बसली आणि पाच मिनिटं काहीच बोलली नाही, तेव्हा त्याने काळजीने विचारलं, "आज राग दिसत नाही. तब्येत बरी आहे ना?"

"तुम्ही कामाचं बोला."

"बोलतो. पण आधी थोडं रागवा, म्हणजे मला सुचतं."

ओठ दाबून तिने हसू आवरलं. ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. मग पुठ्ठा कापताना तिची पट्टी सरकली, रेघ वाकडी गेली, तेव्हा त्याने तिच्या हातावर हात ठेवून कटर कसा तिरका धरायचा ते दाखवलं. जेमतेम एक वीतभर रेघ कापून झाली. तेवढ्या वेळात दोघांपैकी कुणीही भांडलं नाही. घरी आल्यावर तिला मनगटाशी निळ्या रंगाचा ठिपका दिसला, आणि का कोण जाणे, भांडी घासताना तिने तो हात जरा पाण्याबाहेर ठेवला.

आईच्या नजरेतून काय सुटतं? त्या मॉडेलवाल्याला स्वतःच्या हातांचा भारी गर्व आहे, असं ती जेवताना तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा आईने ताटातून मान वर केली.

"रोज त्याच्या नावाने खडे फोडतेस. असे खडे तुझ्या बापाच्या नावाने मी लग्नाआधी वर्षभर फोडत होते."

"आई!"

"मी काही म्हटलं का? भाजी वाढ."

---

सोळावा आठवडा सातवीच्या सूचिछिद्र कॅमेऱ्याचा होता. पुठ्ठ्याची दोन खोकी, एकात एक सरकणारी. एकाला सुईने बारीक भोक, दुसऱ्याला पातळ कागदाचा पडदा. खिडकीकडे धरलं की पडद्यावर खिडकी उलटी दिसते. तीन आठवडे आधी सांगितलं होतं, वर्गात एकदा करूनही दाखवलं होतं.

गुरुवारी एक्केचाळीस मुलांनी एक्केचाळीस खोकी आणली. बहुतेक सगळी तिला हवी तशी होती, म्हणजे वाकडीतिकडी. कुणाचं भोक एवढं मोठं की आत नुसता उजेड, कुणाच्या कोपऱ्यांतून ऊन गळतंय, कुणाचा पडदा फाटलेला. ती एकेक हातात घेऊन हसत होती, चूक विचारत होती, वहीतल्या नोंदी बघत होती. बऱ्याच दिवसांनी तिला इतकं बरं वाटत होतं.

मग खिडकीजवळच्या बाकापाशी ती थांबली. तिथल्या मुलीचा कॅमेरा सुबक होता. कडा सरळ, खोकं खोक्यात न अडकता सरकत होतं. तिने तो उघडला. आतल्या चारी कोपऱ्यांना काळ्या कागदाच्या पट्ट्या दुमडून लावल्या होत्या, उजेड आत येऊ नये म्हणून. ती दुमड तिला पाठ होती. दर शनिवारी ती दुमड करणारे हात ती बघत होती.

तिने मागच्या बाकावरचा कॅमेरा उचलला. तीच दुमड. त्याच्या शेजारचा, तीच. असे आठ निघाले.

"बाई, आम्ही..." खिडकीजवळची मुलगी उठून बोलू लागली.

"खाली बस."

"पण बाई—"

"एक शब्द नको. विकत आणायचं आणि वर तोंड करून बोलायचं?"

आठ वह्यांवर तिने लाल शाईने शून्य काढलं आणि खाली लिहिलं, 'विकत आणलेले.' सगळा वर्ग बघत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय? ती मुलगी रडली नाही. नुसती आपल्या हातांकडे बघत बसली. तेव्हाच बाईला थांबायला हवं होतं, पण ती कधी थांबली होती?

शाळा सुटल्यावर तिने आठही कॅमेरे पिशवीत भरले आणि भर दुपारी दुकानात जाऊन काउंटरवर ओतले. रागाने तिचा आवाज फाटत होता. तुम्ही शब्द दिला होता. मी माझं अख्खं वर्ष तुमच्या हातात दिलं, कुठल्या आठवड्यात काय लागणार ते सगळं, आणि तुम्ही त्याचाच माल करून ठेवलात. शनिवारी मला समोर बसवून घेत होतात ते याच्यासाठी का... मी मूर्ख. शेवटचं वाक्य म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसलं याचाही तिला राग आला.

तो एकेक कॅमेरा उचलून बघत होता, कुठे दबला तर नाही ना. मग त्याने अगदी हळू विचारलं,

"किती मार्क दिलेत?"

"शून्य. अजून काय द्यायचं?"

"वर्गासमोर?"

तो काउंटरमागून बाहेर आला आणि मागच्या खोलीचं दार उघडून बाजूला उभा राहिला. इतक्या शनिवारांत ती त्या खोलीत कधी गेली नव्हती.

आत बुटकी स्टुलं होती, आठ. भिंतीवर तिचंच नियोजन डकवलेलं होतं, तिच्या अक्षरातलं. कोपऱ्यात एक टोपली काठोकाठ भरलेली. त्याने ती तिच्या पायाशी आणून ठेवली. आत पुठ्ठ्याची खोकी होती, काळी, वाकडी, फाटलेली, डिंकाने बरबटलेली. प्रत्येकावर पेन्सिलने नाव आणि आकडा. पहिलं. दुसरं. तिसरं. खिडकीजवळच्या मुलीची चार होती. चौथ्यावर तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भोक मोठं झालं. सुई गरम करू नये.'

हातच्या कांकणाला आरसा कशाला? ती खाली बसली आणि एकेक खोकं हातात घेऊन वाचू लागली. नोंदी होत्या त्या. तिने मागितल्या होत्या, अगदी तशा.

"तीन आठवडे ही आठ पोरं शाळा सुटली की येत होती," तो म्हणाला. "मी कात्रीला हात लावला नाही. शब्द दिला होता तुम्हाला. दुमड कशी घालायची ते माझ्या पुठ्ठ्यावर दाखवलं, त्यांनी आपल्यावर घातली. तुम्हाला आधी सांगू नका म्हणाली. बाईंचं तोंड बघायचं होतं त्यांना."

"मला वाटलं..."

"ठाऊक आहे काय वाटलं. मुलाचं काम वाकडंच असणार, असं वाटलं. वाकडं आणलं असतं तर दहापैकी सहा दिले असते तुम्ही, प्रेमाने. नीट आणलं म्हणून चोर ठरवलंत." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमचा राग मला आवडायचा, बाई. मला वाटायचं तो मुलांसाठी आहे."

तिला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

"आता जा. दुकान बंद करायचंय."

दुपारचे तीन वाजले होते. त्याने खरोखरच शटर ओढून घेतलं.

---

शुक्रवारी सकाळी ती वर्गात गेली आणि हजेरी घ्यायच्या आधी आठ जणांची नावं घेऊन त्यांची माफी मागितली. काय चुकलं ते सांगितलं, शून्य खोडलं. खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "असू दे, बाई." त्या मुलीने रागवायला हवं होतं. तिच्या त्या 'असू दे'चं ओझं बाईला दिवसभर वागवत फिरावं लागलं.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. वर्गात माफी मागितलीत ते मागितलीत, पण उद्या पालकसभा आहे, तिथे हे काढायचं नाही. कुणी विचारलंच तर बेरीज चुकली होती, दुरुस्त केली, एवढं मी सांगेन. विकतचं कुठलं आणि मुलाचं कुठलं हे बाईंनाच कळत नाही असं पालकांना समजलं, तर तुमच्या छत्तीस आठवड्यांचं काय होईल ते तुम्हीच बघा. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. खरं तर त्या तिला वाचवत होत्या.

शनिवारी सभा भरली. निम्म्या खुर्च्या भरल्या असतील. सावल्या, बुरशी, गंज यांचे तक्ते भिंतीला लावले होते आणि पालक त्यांच्याकडे संशयाने बघत होते. मग एक बाई उठल्या, अंगावर अजून कामावरचा गणवेश होता. खिडकीजवळच्या मुलीची आई. माझ्या मुलीच्या वहीत खोडलेलं शून्य आहे, ते कसलं, एवढंच त्यांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी माइक हातात घेतला. "ते काही नाही, बेरीज जरा—"

"बेरीज चुकली नव्हती," ती उभी राहून म्हणाली. "मी चुकले."

आणि तिने सगळं सांगितलं. मुलीने चार वेळा चुकून पाचव्यांदा नीट केलं आणि मी तिला चोर म्हटलं. गेल्या वर्षी विकत आणलेल्या ज्वालामुखीला मी दहापैकी दहा दिले होते. ज्याने आणलं त्याला दहा, जिने केलं तिला शून्य. असं माझं मार्क देणं. बोलता बोलता तिचा नेहमीचा राग परत आला, आणि या वेळी त्यातला मोठा वाटा तिच्या स्वतःच्या वाट्याचा होता. पालकांनाही तिने सोडलं नाही. तुम्हीही रंगच मागता, म्हणाली. पोराचा वाकडा पुठ्ठा चारचौघांत दिसला तर तुम्हालाच लाज वाटते.

सभेत चुळबुळ झाली. कुणी म्हणालं, बाईंनाच कळत नसेल तर आम्हाला काय कळणार. कुणी म्हणालं, हा असला उपद्व्याप हवाच कशाला. खिडकीजवळच्या मुलीची आई मात्र बराच वेळ उभीच होती. मग "बरं," एवढं म्हणून खाली बसली.

निकाल तासाभरात लागला. सहावी आणि आठवी पुन्हा जुन्या फाइलीवर. सातवीचं नियोजन वर्षअखेरपर्यंत चालू द्यायचं, कारण सातवीच्या पालकांपैकी कुणीच कुरकुर केली नव्हती. छत्तीस आठवड्यांच्या कागदाचा एक तृतीयांश उरला. मोठ्या बाई म्हणाल्या, मी सांगत होते. ती म्हणाली, पुढच्या वर्षी मी तिन्ही परत मागणार आहे, रोज मागणार आहे. मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

---

शाळेतून ती थेट दुकानात गेली. शटर वर होतं. तो काउंटरवर पुठ्ठा कापत होता, आणि त्याने मान वर केली नाही. सभेतलं सगळं त्याला कळलं होतं. तशा बातम्या तिच्या चालण्यापेक्षा जलद पोचतात.

"सातवी राहिली," ती म्हणाली.

"ऐकलं."

"मी माफी मागायला आलेय."

"ती त्यांची मागायची होती. मागितलीत." कटर रेघेवरून सरकत राहिला. "माझा राग अजून गेलेला नाही, बाई. खोटं कशाला बोलू?"

"नका बोलू." तिने स्टूल ओढलं. "मी थांबते."

"किती वेळ?"

"जाईपर्यंत."

आता त्याने पाहिलं. ती स्टुलावर ताठ बसली होती, पिशवी मांडीवर, जणू बँकेत नंबर लागायचा आहे. बाहेर पावसाची एक सर येऊन गेली. दाराच्या पायरीवर पाणी टपटपत होतं. तिने घसा खाकरला.

"मला तुमचा रोज राग येतो. शनिवारी जास्त येतो... कारण आठवडाभर मी शनिवारची वाट बघत असते, आणि तुम्ही मात्र निवांत पेन्सिल कानावर ठेवून बसलेले असता. परवा तुम्ही शटर ओढलंत तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. घरी आईनेही टोमणा मारला नाही, इतकं माझं तोंड उतरलंय. मला तुम्ही आवडता. हे असं भांडल्यासारखं सांगायचं नव्हतं... पण मला दुसऱ्या आवाजात सांगता येत नाही."

त्याच्या हातातला कटर थांबला. कानाच्या पाळ्या हळूहळू लाल होत होत्या, आणि त्या लपवायला त्याच्यापाशी काही नव्हतं.

तेवढ्यात एक गृहस्थ रुमालाने डोकं पुसत घाईघाईने आत शिरले. सोमवारी पलीकडच्या शाळेत पवनचक्की द्यायची आहे, मुलाने आत्ता सांगितलं, तयार असेल तर एक द्या, रंग कुठलाही चालेल, असं सगळं ते एका श्वासात बोलले.

तिने दोन्ही हातांनी पिशवी घट्ट धरली. बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. हे त्याचं दुकान होतं, आणि आज तिला बोलायचा हक्क नव्हता. न बोलण्याच्या कष्टाने तिच्या कपाळावरची शीर उडत होती. तो त्या शिरेकडे बघत राहिला. मग, त्या दिवशी पहिल्यांदाच, त्याचे डोळे कोपऱ्यातून हसले.

"तयार नाही देत आता," तो त्या गृहस्थांना म्हणाला. "मुलाला घेऊन या. त्याच्याकडून करून घेऊ."

"अहो, पण सोमवारी द्यायचंय. कोण करून घेणार?"

"आम्ही दोघं असतो इथे," तो म्हणाला. "दर शनिवारी. आजही आहोत."

गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या बाईंकडे. तिचा चेहरा तापला होता, आणि डोळे भरून आले होते ते तिने या वेळी लपवले नाहीत. पिशवी तिने खाली ठेवली, बाह्या वर सारल्या आणि काउंटरच्या पलीकडे, त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"कितवीत आहे मुलगा?" तिने विचारलं.